फ्लास्कवरचं नाव

जेलच्या तिसऱ्या लेनमध्ये काहीच दिसायला नको होतं. तिथे बँड होता.

शुक्रवारची संध्याकाळ. लॅबच्या कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत मी आणि माझी ज्युनियर स्क्रीनकडे बघत उभ्या होतो. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर काम करते. हा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्या विषाणूच्या १८ क्रमांकाच्या प्रकाराचं एक जनुक, ई-६, तिला पेशींमध्ये शोधायचं होतं. पहिल्या लेनमध्ये नुसतं पाणी. दुसऱ्या लेनमध्ये हेला पेशी, त्यांच्यात हा विषाणू असतोच. तिसऱ्या लेनसाठी तिला तो नसलेल्या पेशी हव्या होत्या, म्हणजे निगेटिव्ह कंट्रोल. त्या मीच दिल्या होत्या. "माझ्या केबी घे की," मी सकाळी म्हटलं होतं. "तोंडाच्या कर्करोगाच्या आहेत. त्यांच्यात कुठून येणार एचपीव्ही-१८?"

पाण्याची लेन स्वच्छ होती. हेलाचा बँड ठळक. आणि माझ्या केबीचा बँड बरोबर त्याच उंचीवर, तेवढाच ठळक.

"ताई, तुझ्यात पण आलं."

"पिपेट करताना उडालं असेल. उद्या सगळं नवीन घेऊन परत लाव."

शनिवारी तिने परत लावलं. नवीन प्रायमर, नवीन पाणी, माझ्या फ्लास्कमधून नव्याने काढलेला डीएनए. बँड परत आला. ती बिचारी गोंधळून गेली. मी गोंधळले नव्हते. हा बँड का आलाय, ते मला अकरा महिन्यांपासून माहीत होतं.

*

आमचं गाव कराडजवळ. आजी मिश्री लावायची. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून तिची पूड करायची, डबीत भरायची आणि सकाळी चहाच्या आधी बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची. मग जेवण झालं की एकदा. मग काम करून दमलं की एकदा. घरात मिश्री भाजली जायची तेव्हा आम्हा सगळ्यांना ठसका लागायचा आणि आजी "भाईर व्हा गं" म्हणून हाकलायची.

तिच्या गालाच्या आतल्या बाजूला आधी पांढरा चट्टा आला, मग जखम झाली. "तोंड आलंय" म्हणत तिने वर्षभर काढलं. तोंड उघडेना, घास जाईना, तेव्हा बाबा तिला साताऱ्याला घेऊन गेले. तिथे तपासणीसाठी तुकडा काढला. पुढचे उपचार मुंबईत, परळला. बाबा आणि आजी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले. मी दहावीत होते. दिवाळीच्या सुट्टीत एकदा भेटायला गेले, तेव्हा आजीला नीट बोलता येत नव्हतं. तिच्या कमरेच्या चंचीत मिश्रीची डबी तशीच होती, रिकामी. तिने ती उघडून मला दाखवली. बघ, आता लावत नाही, असं तिला सांगायचं होतं. पुढच्या उन्हाळ्यात ती गेली.

त्यामुळे पीएचडीसाठी पुण्यात आले आणि मॅडमनी तीन विषय समोर ठेवले, तेव्हा मी फार विचार केला नाही. एका वनस्पतीतून काढलेला रेणू तोंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर कसा काम करतो, हा विषय मी घेतला. लॅबच्या लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत, उणे १९६ अंशांत, केबी पेशींच्या व्हायल होत्या. त्यांच्यावर मार्करने लिहिलेलं होतं: केबी, तोंड. मी आईला फोन करून सांगितलं, "आजीला झालं होतं ना, त्याच आजाराच्या पेशी आहेत."

तेव्हापासून आईच्या फोनमधलं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "पेशी काय म्हणतायत?"

पेशी वाढवणं हे बाहेरून वाटतं तेवढं ग्लॅमरस नसतं. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, गुलाबी मीडियम, त्यात १० टक्के वासराच्या गर्भाच्या रक्तातला सीरम. पेशी खाऊन-पिऊन आम्ल सोडतात, तसं मीडियम पिवळं पडत जातं. पिवळं दिसलं की बदलायचं. फ्लास्कचा तळ भरून गेला की ट्रिप्सिन घालून पेशी सुट्या करायच्या आणि थोड्याच पुढच्या फ्लास्कमध्ये न्यायच्या. त्यांना रविवार कळत नाही. एकदा भाऊबीजेच्या संध्याकाळीच मी पुण्याची एसटी पकडली, तेव्हा आई म्हणाली, "म्हशीसारखंच आहे की हे. धार चुकवून चालत नाही." मी हसले, पण मला ते आवडलं होतं. इनव्हर्टेड मायक्रोस्कोपखाली त्या तळाला चिकटलेल्या, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी बघताना मला खरोखर वाटायचं, की आजीच्या गालाच्या आत काय चाललं होतं ते मी बघतेय.

*

आता त्या अकरा महिन्यांबद्दल.

एका रात्री मी माझ्या निबंधाची प्रस्तावना लिहीत होते. केबी पेशी पहिल्यांदा कुणी वाढवल्या, याचा संदर्भ हवा होता. तो सापडला: १९५५, हॅरी ईगल. त्याच्या आसपास वाचताना एका निबंधात या पेशींचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं दिसलं. केबी, आणि पुढे कंसात हेला. मी आणखी एक टॅब उघडला. चुकीची ओळख लागलेल्या पेशींची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे, तिच्यात ५००हून अधिक नावं आहेत. केबी तिच्यात होती. तोंडाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पेशी तोंडाच्या नाहीतच. त्या हेला आहेत.

मी तो टॅब बंद केला.

मी तेव्हा स्वतःला काय सांगितलं, ते मला आठवतंय. आमची व्हायल वेगळी असेल. इतके लोक वापरतात, सगळे चुकीचे कसे असतील? आधी निबंध पाठवू, मग निवांत बघू. रात्रीचे दीड वाजले होते आणि माझ्याकडे नऊ महिन्यांचा डेटा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी हूडमध्ये हात घालून बसले, ७० टक्के अल्कोहोलने टेबल पुसलं आणि फ्लास्कवर लिहिलं: केबी, तोंड, पॅसेज ३१.

*

हेला म्हणजे हेन्रिएटाचा 'हे' आणि लॅक्सचा 'ला'.

हेन्रिएटा लॅक्स ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई. व्हर्जिनियातल्या क्लोव्हर गावात तंबाखूच्या शेतात राबत मोठी झाली. हो, तंबाखूच्या. १९५१च्या सुरुवातीला ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली, तेव्हा तिच्या गर्भाशयमुखावर गाठ होती. उपचारांच्या वेळी डॉक्टरांनी त्या गाठीचा एक तुकडा काढला आणि तिला न विचारता जॉर्ज गाय यांच्या लॅबमध्ये पाठवला. तोवर माणसाच्या पेशी काचेच्या नळीत टिकत नसत, थोड्याच दिवसांत मरून जात. या मेल्या नाहीत. साधारण २४ तासांत दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली. वय ३१, मागे पाच मुलं.

गाय यांनी पेशी मागेल त्याला दिल्या. पोलिओच्या लशीची परिणामकारकता तपासायला त्या वापरल्या गेल्या, पुढे त्या जगभर गेल्या, अंतराळातही गेल्या. बाई कोण होती, हे मात्र लोकांना बरीच वर्षं चुकीचंच सांगितलं जात होतं. हेला म्हणजे हेलन लेन, असं छापून यायचं. तिच्या घरच्यांना तर या पेशी जिवंत आहेत हे कळायलाच वीसेक वर्षं लागली.

या पेशींची आणखी एक गोष्ट आहे. त्या फार वेगाने वाढतात. त्यांचा एखादा थेंब, एखादी वापरलेली पिपेट दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेली, तर काही आठवड्यांत मूळच्या पेशी मागे पडतात आणि फ्लास्कभर फक्त हेला उरतात. वरचं लेबल मात्र तसंच राहतं. १९६६मध्ये स्टॅन्ली गार्टलर या जनुकशास्त्रज्ञाने एका परिषदेत दाखवलं, की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी पेशींमध्ये एका एन्झाइमचा असा प्रकार सापडतो, जो आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्येच प्रामुख्याने असतो. त्या पेशी हेलाने गिळलेल्या होत्या. ज्यांची वर्षानुवर्षांची कामं त्या पेशींवर उभी होती, त्यांना हे आवडलं नाही. मला आता त्या लोकांचा राग येत नाही. त्यांनीही आपापला टॅब बंद केला असणार.

केबीचंही असंच झालेलं होतं. म्हणजे चूक आमच्या लॅबमध्ये झाली नव्हती, आमच्यापैकी कुणाच्या जन्माच्याही आधीची होती ती. पेशी पुरवणाऱ्या मोठ्या संग्रहांच्या माहितीतही केबी म्हणजे हेला हे स्पष्ट लिहिलेलं असतं. तरीही २०१७मध्ये 'कॅन्सर रिसर्च' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की २००० ते २०१४ या काळात ५७४ निबंधांनी केबीला तोंडाच्याच पेशी म्हटलं होतं. खरी ओळख लिहिणारे निबंध फक्त ५७. आणि जो ज्या निबंधाचा संदर्भ घेतो, तो बहुधा त्यातलीच ओळख पुढे नेतो. माझा निबंध ५७५वा झाला असता म्हणा ना. रिव्ह्यूसाठी पाठवून त्याला सहा आठवडे झाले होते.

*

सोमवारी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दोन्ही जेलचे फोटो टेबलावर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ बघितले.

"व्हायल कुठून आल्या होत्या?"

"तुमच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडून. माझ्या आधीच्या सिनियरने थर्माकोलच्या डब्यातून आणल्या होत्या. नोंदवहीत तेवढंच आहे."

त्यांनी नोंदवही मागवली नाही. यादी उघडली. केबीच्या ओळीवर बोट ठेवून थांबल्या. मग माझ्याकडे न बघताच विचारलं, "तुला हे आधी माहीत होतं का?"

नाही म्हणता आलं असतं. ज्युनियरचा बँड शुक्रवारी आला, मी सोमवारी केबिनमध्ये आले, कुणालाही खरं वाटलं असतं. उलट, किती तत्पर मुलगी, असंच वाटलं असतं.

"हो," मी म्हटलं. "अकरा महिन्यांपूर्वी वाचलं होतं."

मॅडमनी चष्मा काढला. त्या ओरडतील असं वाटलं होतं, त्या ओरडल्या नाहीत. "म्हणजे अकरा महिन्यांचं मीडियम फुकट घालवलंस," एवढंच म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "मीही कधी विचारलं नाही. मला लेबल दिसलं, मी पुढे गेले." आणि शेवटी, "एसटीआर करून घे. त्याशिवाय पुढचं बोलायला नको."

एसटीआर म्हणजे पेशींचं ओळखपत्रच. डीएनएमध्ये काही ठरलेल्या जागी अक्षरांचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. किती वेळा येतो, तो आकडा माणसागणिक बदलतो. अशा अनेक जागांचे आकडे एकत्र घेतले, की माणूस ओळखता येतो. गुन्ह्याच्या तपासात, बेवारस मृतदेहाची ओळख पटवताना हेच वापरतात. पेशींच्या बाबतीत आकडे ८० टक्के किंवा जास्त जुळले, तर दोन्ही नमुने एकाच माणसाचे धरतात. रिपोर्ट यायला दोन आठवडे लागले. माझी केबी आणि नोंदीतली हेला यांचे आकडे जुळत होते.

लॅबमधल्या एका सिनियरने मला चहाला नेऊन समजावलं. त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, त्याला माझी काळजी होती. "सगळे वापरतात गं. रिव्ह्यूअर विचारणारसुद्धा नाही. तुझी फेलोशिप किती उरलीय?" फेलोशिप चौदा महिने उरली होती. रेणूने पेशी मरत होत्या हे तर खरंच होतं ना, असंही तो म्हणाला.

ते खरंच होतं, आणि तिथेच गोम होती. माझा निष्कर्ष पी-५३ नावाच्या प्रथिनाबद्दल होता. पेशीच्या डीएनएला मार बसला, की हे प्रथिन पेशीला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात पुष्कळदा पी-५३चं जनुकच बिघडलेलं असतं. हेलामध्ये ते जनुक धड असतं, पण विषाणूचं ते ई-६, ज्युनियरच्या जेलवर चमकलेलं, पी-५३ तयार झालं की त्याची विल्हेवाट लावतं. एकीकडे कुलूपच मोडलेलं, दुसरीकडे कुलूप शाबूत आणि किल्ली पळवलेली. माझ्या रेणूने पी-५३ वाढत होतं, त्यावरून मी लिहिलं होतं की तंबाखूच्या कर्करोगात याचा उपयोग होऊ शकेल. माझ्या फ्लास्कमध्ये तंबाखूचा कर्करोग एक दिवसही नव्हता. एकही आकडा मी खोटा लिहिला नव्हता. सगळे आकडे बरोबर होते, फक्त दुसऱ्या आजाराचे होते. आणि उद्या कुणी माझ्या निबंधावर विसंबून पुढचं पाऊल टाकलं असतं, तर त्या वाटेच्या शेवटी आजीसारखंच कुणीतरी बसलेलं असतं.

निबंध मागे घेण्याची मेल तीन ओळींची होती. ती लिहायला मला आख्खी दुपार लागली. 'पाठवा'वर मॅडमनीच क्लिक केलं.

*

आईला सांगणं त्याहून अवघड होतं. फोनवर जमलं नाही. घरी गेले तेव्हा रात्री भांडी आवरताना सांगितलं, की त्या पेशी तोंडाच्या नव्हत्या. मग कुणाच्या, म्हणाली. मग मी हेन्रिएटाची सगळी गोष्ट सांगितली. आई हातातलं पातेलं तसंच धरून ऐकत होती.

"तिला विचारलंच नाही कुणी?"

"नाही."

"आणि पोरांना?"

"त्यांनाही नाही. खूप वर्षांनी कळलं. २०२३मध्ये एका मोठ्या कंपनीने त्यांच्याशी तडजोड केली, कोर्टात गेल्यावर."

आईने पातेलं पालथं घातलं. मग म्हणाली, "आपल्या आजीचा तुकडा काढलेला साताऱ्याला. तो कुठं असंल गं?"

इतकी वर्षं या क्षेत्रात काढून मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मी सांगितलं, की असे तुकडे मेणात बसवून ठोकळा करतात, पातळ काप काढून तपासतात आणि ठोकळे काही वर्षं जपून ठेवतात. तिचा आता असेल की नसेल, सांगता येत नाही.

"अंगठा घेतला होता तिचा कागदावर," आई म्हणाली. "काय लिहिलं होतं ते तुझ्या बाबांनी वाचलं का, देव जाणे. घाईत होतो सगळे."

त्यावर आम्ही दोघी जास्त काही बोललो नाही. झोपायच्या आधी तिने विचारलं, "मग आता त्या बाईच्या पेशी टाकून देणार?"

टाकल्या नाहीत. ज्युनियरला दिल्या. आता त्या तिच्या जेलवर पॉझिटिव्ह कंट्रोलच्या लेनमध्ये असतात. फ्लास्कवरचं जुनं लेबल खरवडून काढलं आणि हेला लिहिलं. माझी पीएचडी निदान दीड वर्ष लांबली. फेलोशिपनंतर काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही, आणि हे लिहिताना त्याचं टेन्शन नाही असं म्हणणार नाही. आता लॅबमध्ये कुठलीही नवी व्हायल एसटीआर रिपोर्टशिवाय उघडत नाही.

*

मॅडमनी एका रुग्णालयाशी मिळून नवं काम सुरू केलंय. शस्त्रक्रियेत काढलेल्या तोंडाच्या गाठींमधून थेट पेशी वाढवायच्या. त्या फार नखरेल असतात, बहुतेक वेळा वाढतच नाहीत. पण त्यासाठी आधी पेशंटची संमती घ्यावी लागते. मराठीत छापलेला कागद वाचून दाखवायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्या अंगठ्याच्या वेळी संशोधनाशी संबंध नसलेला एक साक्षीदार सोबत हवा. नाही म्हटलं तरी उपचारांत फरक पडणार नाही, हेही सांगायचं. मी डॉक्टरांच्या सोबत जाते.

पहिल्याच आठवड्यात साठीच्या एक मावशी होत्या. हिरड्या काळ्या, मिश्रीच्या. मी सगळा कागद वाचला. गाठीतला थोडा भाग आमच्याकडे येईल, त्यातल्या पेशी कदाचित वाढतील, कदाचित तुमच्यानंतरही वाढत राहतील, दुसऱ्या लॅबमध्येही जातील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सोबत त्यांची सून होती, तिने दोन प्रश्न विचारले. मग मावशींनी एक विचारला.

"त्येच्यावर माझं नाव लिवणार का?"

"नाही मावशी. तुमचं नाव कुणाला कळू नये म्हणून नुसता नंबर लिहितात."

त्यांनी जरा विचार केला. अंगठ्याला शाई लावून घेतली.

"मग नंबर तरी नीट लिव्हा," म्हणाल्या.

मी लिहिला. मग कागदाशी एकदा ताडून बघितला, आणि पुन्हा एकदा.